लोखंड, कातडे आणि पानकरस : स्पॅनिश रेड वाइनच्या पारखीविषयी

१

स्पॅनिश वाइनच्या पारखीविषयीची सर्वांत प्रसिद्ध हकिकत मद्यशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात नाही. ती एका कादंबरीत आहे. सर्व्हान्तेसच्या 'डॉन किहोते'चा दुसरा भाग १६१५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या तेराव्या प्रकरणात दोन सरदारांचे दोन सेवक रात्रीच्या वेळी रानात गप्पा मारीत बसले आहेत. त्यांतला एक वाइनने भरलेली कातडी बुधली पुढे करतो. सांचो पान्सा ती तोंडाला लावतो, बराच वेळ ताऱ्यांकडे पाहत राहतो आणि मग विचारतो, ही सिउदाद रेआलची तर नव्हे? ओळख बरोबर निघते. तेव्हा सांचो मोठ्या अभिमानाने सांगतो की, हा गुण आपल्या रक्तातच आहे. आपल्या वडिलांच्या घराण्यात दोन नामांकित पारखी होऊन गेले. त्यांना एकदा एका पिंपातली वाइन पारखायला दिली. एकाने जिभेचे टोक तेवढे लावले, दुसऱ्याने ती नुसती नाकाशी नेली. पहिला म्हणाला, हिला लोखंडाची चव आहे. दुसरा म्हणाला, त्याहून अधिक कातड्याची आहे. मालकाने सांगितले की पिंप स्वच्छ आहे, वाइनमध्ये दुसरे काही मिसळलेले नाही. दोघे आपल्या मतावर ठाम राहिले. पुढे वाइन विकली गेली, पिंप धुवायला काढले, तेव्हा तळाशी एक लहानशी किल्ली सापडली. ती कातड्याच्या वादीत ओवलेली होती.

ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचली ती बहुधा सर्व्हान्तेसकडून नव्हे, डेव्हिड ह्यूमकडून. १७५७ साली प्रसिद्ध झालेल्या अभिरुचीच्या निकषावरील निबंधात ह्यूमने ती पुन्हा सांगितली. अभिरुची माणसागणिक वेगळी असली, तरी तिला काही प्रमाण असू शकते, सूक्ष्म जाणिवेचा पारखी आणि सामान्य माणूस यांत फरक असतो, हे त्याला दाखवायचे होते. परंतु दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचले, तर ह्यूमने गोष्टीत काही बदल केल्याचे दिसते. त्याच्याकडे कातडे पहिल्याने सांगितले आहे आणि लोखंड दुसऱ्याने. नुसता वास घेणारा पारखी तेथे उरलेला नाही, दोघेही चव घेतात. दोघांना लोक हसतात, हीसुद्धा ह्यूमची भर. आणि सर्वांत महत्त्वाचा बदल असा की, ह्यूमचे दोन्ही पारखी आधी म्हणतात, वाइन चांगली आहे. लोखंडाची अथवा कातड्याची चव तेवढी नसती तर बरे झाले असते.

सर्व्हान्तेसच्या पारख्यांना वाइनची स्थिती, गुण, चांगलेवाईटपणा असे सारेच विचारले होते. परंतु चांगली की वाईट, याविषयी ते एक शब्दही बोलत नाहीत. त्यांनी फक्त जे आहे ते सांगितले. ह्यूमला मूल्यमापन हवे होते म्हणून त्याने ते त्यांच्या तोंडी घातले. आमच्या मते स्पॅनिश रेड वाइनच्या पारखीचा पुढचा सारा इतिहास या दोन पाठांमधल्या अंतरात सामावलेला आहे : जे आहे ते ओळखणे आणि जे आहे त्याची किंमत ठरवणे. पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावी मराठी साहित्य शिकवताना आम्हांला हेच अंतर रोज भेटते. म्हणून द्राक्षाचा मळा नसलेल्या या मुलखात बसून आम्ही हा विषय हाती घेतला आहे.

२

मात्र त्याआधी आपल्या परंपरेकडे वळावयास हवे, कारण पारखीसाठी पेयाचा दाखला देण्यात आपण युरोपच्या कितीतरी शतके पुढे होतो. नाना व्यंजनांनी युक्त अन्नाचा आस्वाद जसा सुमनस पुरुष घेतात, तसा प्रेक्षक स्थायी भावांचा घेतात, हा भरताचा दृष्टान्त सर्वपरिचित आहे. पुढे मम्मटादी आचार्यांनी अन्नाच्या जागी पेय आणले आणि पानकरसाचा न्याय रूढ झाला. गूळ, मिरी, वेलची यांसारखे पदार्थ मिसळून केलेल्या पानकाची चव त्यांतल्या कोणत्याच एका पदार्थाची नसते. ती वेगळी आणि एकसंध असते. विभावादी सामग्रीतून येणारा रस तसाच. आपले उन्हाळ्यातले पन्हे याच पानकाच्या कुळातले.

सांचोच्या दोन आप्तांशेजारी हा न्याय ठेवून पाहावा. त्या दोघांचे कौशल्य वेगळे काढण्यात आहे : एवढे लोखंड, एवढे कातडे. पानकरसाचा न्याय सांगतो की, असे वेगळे काढता आले, तरी तो आस्वाद नव्हे. मिरी ओळखणारा जाणकार असेल, परंतु पन्ह्याची चव घेणारा सहृदय तोच असेल असे नाही. एकीकडे विश्लेषण, दुसरीकडे चर्वणा. मराठीत 'आस्वादक समीक्षा' हा शब्दप्रयोग आपण सहज करतो, तेव्हा या दोहोंतला ताण त्यात दडलेला असतो, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

येथे कान्टचाही उल्लेख करावयास हवा. १७९० सालच्या आपल्या सौंदर्यविषयक ग्रंथात जिभेच्या रुचीचे उदाहरण देताना त्याने कॅनरी बेटांवरची वाइन घेतली. ती मला सुखद वाटते, एवढेच म्हणता येईल. ती सर्वांसाठी सुखद आहे असे म्हणता येणार नाही, असा त्याचा मुद्दा. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'तून (१९७४) ज्यांचा कान्टशी परिचय झाला, त्यांना हा भेद आठवेल. गंमत अशी की, अभिरुचीला प्रमाण आहे हे सांगताना ह्यूमने आणि जिभेच्या रुचीला प्रमाण नाही हे सांगताना कान्टने, दोघांनीही दाखला दिला तो स्पेनच्याच वाइनचा.

३

आता प्रत्यक्ष वाइनकडे येऊ. स्पॅनिश भाषेत रेड वाइनला 'तिंतो' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ रंगवलेली. या शब्दाकडे आपल्याला पुढे परत यावे लागेल. स्पेनमधल्या रेड वाइनचे मुख्य द्राक्ष टेम्प्रानिय्यो. लवकर या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून हे नाव आले, कारण ते लवकर पिकते. एकाच द्राक्षाला प्रांतोप्रांती निराळी नावे आहेत : रिबेरा देल दुएरोमध्ये तिंतो फिनो, तोरोमध्ये तिंता दे तोरो, कॅटलोनियात उय दे य्येब्रे म्हणजे सशाचा डोळा, आणि सांचोच्या ला मांचात सेन्सिबेल.

एकोणिसाव्या शतकापूर्वी स्पेनमधली बरीच वाइन कातडी पखालींतून फिरे. पखाल आतून डांबरासारख्या राळेने माखलेली असे आणि तिचा वास वाइनला लागे. 'डॉन किहोते'च्या पहिल्या भागात नायक झोपेत राक्षस समजून तलवारीने फाडतो, त्या याच रेड वाइनच्या पखाली. हे चित्र बदलले ते रिओखा प्रांतात. १८५२ च्या सुमारास लुसियानो दे मुर्रिएताने लोग्रोन्यो येथे फ्रान्समधल्या बोर्दो पद्धतीने, ओकच्या लाकडी पिंपांत वाइन मुरवायला सुरुवात केली. १८५८ साली मार्केस दे रिस्काल ही पेढी उभी राहिली. मग फ्रान्सवर संकट कोसळले. द्राक्षाच्या मुळांवर जगणाऱ्या फिलॉक्सेरा या किडीने १८६० च्या दशकापासून तिथले मळे फस्त केले आणि बोर्दोचे व्यापारी वाइन शोधत पायरनीज ओलांडून रिओखात आले. आरो गावच्या रेल्वे स्थानकाभोवती एकामागून एक पेढ्या निघाल्या. लोपेस दे एरेदिया १८७७ ची, कूने १८७९ ची. १८९५ साली बोर्दोच्याच प्रदर्शनात रिस्कालच्या वाइनला सन्मानपत्र मिळाले. फ्रान्सबाहेरच्या वाइनला ते प्रथमच मिळत होते. पुढे विसाव्या शतकाच्या तोंडावर तीच कीड रिओखातही पोहोचली.

या सर्वांतून रिओखाच्या हाती पारखीचे एक साधन आले, ते म्हणजे काळ. १९२५ साली रिओखाच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले, १९२६ साली नियामक मंडळ आले आणि १९९१ साली स्पेनमधला सर्वोच्च दर्जा मिळाला. बाटलीवरच्या पट्टीत वाइनचे वय सांगितलेले असते. रेड वाइन 'क्रियान्सा' म्हणवून घेण्यासाठी किमान दोन वर्षे मुरलेली हवी आणि त्यांतले एक वर्ष पिंपात गेलेले हवे. 'रेसेर्वा'साठी तीन वर्षे. 'ग्रान रेसेर्वा'साठी पाच, त्यांतली किमान दोन पिंपात आणि दोन बाटलीत. पिंप सुमारे २२५ लिटरचे आणि पुष्कळदा अमेरिकन ओकचे. जुन्या रिओखातला व्हॅनिलाचा आणि खोबऱ्याचा गंध द्राक्षाचा नाही, तो या लाकडाचा आहे.

म्हणजे सांचोच्या गोष्टीतली किल्ली येथे उलटी फिरली. पिंपात जे नको होते, ते पारख्यांनी ओळखले होते. रिओखाने पिंपाचीच चव हा गुण ठरवला आणि तो वर्षांत मोजला. अर्थात वर्षे मोजता येतात, कायद्यात लिहिता येतात. चव तशी लिहिता येत नाही. पाच वर्षे मुरलेली वाइन तीन वर्षे मुरलेलीहून चांगली असेलच, असे त्या पट्टीत कोठे म्हटलेले नाही. परंतु ग्राहक तसेच वाचतो. साहित्यातही कृतीचे वय आणि तिचे मोल यांची आपण अशीच गल्लत करतो.

४

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्षांच्या जागी गुण आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत १९५९ साली वीस गुणांची पद्धत तयार झाली. १९७८ पासून रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने शंभरांपैकी गुण द्यायला सुरुवात केली आणि तेच जगभर पसरले. १९७९ साली पॅरिसमध्ये गो-मियो या नियतकालिकाने घेतलेल्या स्पर्धेत कॅटलोनियातल्या तोर्रेस पेढीची १९७० ची रेड वाइन शातो लातूरसारख्या मातब्बर फ्रेंच नावाच्या पुढे गेली. नाव झाकले की प्रतिष्ठा जीभ अडवत नाही, हा धडा स्पेनला फार उपयोगी पडला.

पारखीची रीत एव्हाना सर्वत्र सारखी झाली होती. स्पॅनिशमध्ये तिला 'काता' म्हणतात. पेला तिरपा धरून पांढऱ्या पार्श्वभूमीवर कडेचा रंग पाहायचा. कोवळी वाइन जांभळट दिसते, मुरलेली विटकरी. मग पेला फिरवून गंध घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा, आंबटपणा आणि तुरटपणा किती ते पाहायचे आणि शेवटी चव किती वेळ टिकते ते मोजायचे. या निरीक्षणांना भाषा हवी होती. १९८४ साली अॅन नोबल या डेव्हिसच्याच संशोधक बाईंनी गंधांचे चक्र प्रसिद्ध केले. 'भारदस्त', 'खानदानी' असली विशेषणे टाकून ज्याचा नमुना समोर ठेवता येईल असेच शब्द वापरावेत, असा त्यामागचा आग्रह होता. आमच्या दृष्टीने हे सांचोच्या आप्तांकडे परत जाणे होते : चांगली-वाईट नंतर, आधी लोखंड की कातडे ते सांगा.

परंतु शब्दांचीही परीक्षा झाली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात फ्रेदेरिक ब्रोशे याने बोर्दोच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन आणि गंधहीन रंगद्रव्याने लाल केलेली तीच व्हाइट वाइन दिली. लाल पेल्यासाठी विद्यार्थ्यांनी रेड वाइनचे शब्द वापरले. 'तिंतो' म्हणजे रंगवलेली, हे येथे अक्षरशः खरे ठरले : जिभेच्या आधी डोळ्याने शब्द निवडून ठेवले होते. २००८ साली रॉबर्ट हॉजसनने कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या स्पर्धेच्या परीक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बाटलीतली वाइन नकळत तीनदा दिली असता, सुमारे दहा टक्केच परीक्षक तिन्ही वेळा तिला एकाच पदकश्रेणीत ठेवू शकले.

यावरून पारख हे सारे थोतांड आहे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. आम्हांला तो मान्य नाही. गुण देण्यात परीक्षक डळमळले. तुरट आणि आंबट यांतला फरक त्यांना कळेनासा झाला, असे त्या अभ्यासाने म्हटलेले नाही. किंमत ठरवताना माणूस जितका चुकतो, तितका जे आहे ते ओळखताना चुकत नाही. आणि ओळखतानाही तो चुकतो तो बहुधा तेव्हा, जेव्हा शब्द अनुभवाच्या आधी हजर असतात.

५

शब्द आधी की अनुभव आधी, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यालाही जुना आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य स्पेनमधल्या सालामांका आणि आल्काला या विद्यापीठांत शिकला, १५३४ साली गोव्याला आला आणि पुढे अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य व स्नेही झाला. १५६३ साली गोव्यात छापलेला त्याचा ग्रंथ संवादरूप आहे. त्यात रुआनो हा स्पेनमधून पुस्तकी विद्या घेऊन आलेला वैद्य सतत ग्रीक आचार्यांचे हवाले देतो आणि ओर्ता त्याला इथली फळे, मुळ्या, औषधे प्रत्यक्ष दाखवतो. आपण स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध बोलण्याचे धाडस केले नसते, अशा अर्थाची कबुली तो देतो. दख्खनमध्ये राहिल्याने त्याला आपल्या जिभेवर आणि डोळ्यांवर विश्वास ठेवता आला. त्याच्या मृत्यूनंतर धर्मन्यायालयाने १५८० साली त्याची हाडे उकरून जाळली, हेही येथे विसरता येत नाही. स्वतःच्या अनुभवावर विसंबण्याची ती शिक्षा नव्हती, त्याच्या ज्यू वंशाची आणि धर्माची होती. परंतु त्या काळी मत बाळगण्याची किंमत काय होती, ते यावरून कळते.

टेम्प्रानिय्यो महाराष्ट्रात आले ते अलीकडे. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेजने वाइन-उद्योगाचा पाया घातला. २००० साली नाशिकच्या सुला वाइन्सची पहिली वाइन बाजारात आली. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. पुढे दिंडोरी तालुक्यातल्या चारोसाने टेम्प्रानिय्योची रेसेर्वा पद्धतीची वाइन काढली. स्पेनमध्ये हे द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात. आपल्याकडे त्याच सुमारास गोडी छाटणी असते आणि तोडणी उन्हाळ्याच्या तोंडावर येते. मग एप्रिलमध्ये खरड छाटणी. वेल तोच, परंतु त्याचे वर्ष उलटे फिरते. नावही बदलत नाही, मात्र मातीने आणि उन्हाने चव बदलते. तरी आपल्याकडच्या बाटल्यांवर पुष्कळदा शब्द येतात ते ब्लॅकबेरी, प्लम, सीडर यांचे. यांतले एकही झाड मळ्याच्या बांधावर नाही. बांधावर असते ते जांभूळ.

या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला. वाइन ही दारू नव्हे, शेतकऱ्याच्या मालाचे मोल आहे, असा एक युक्तिवाद झाला. त्याला आमच्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी विरोध केला, १४ फेब्रुवारीपासून उपोषण जाहीर केले आणि ते नंतर स्थगित केले. ज्या गावांतल्या बायकांनी मतदान करून 'आडवी बाटली' केली, त्यांना टॅनिनच्या पोताविषयी सांगणे क्रूरपणाचे आहे. त्यांनी बाटलीची पारख तिच्या परिणामांवरून केली आणि ती पारख कोणत्याही परीक्षकाच्या गुणांहून अधिक भक्कम पुराव्यावर उभी आहे. तेव्हा हे लेखन पिण्याची शिफारस नव्हे. आमचा प्रश्न चवीच्या भाषेचा आहे.

६

त्या भाषेत पाथर्डी दरिद्री नाही. तालुका अवर्षणाचा, दसरा-दिवाळी उलटली की इथली हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. कारखान्यात उसाच्या रसाची गोडी ज्या ब्रिक्स मापाने मोजतात, त्याच मापाने वाइनसाठीच्या द्राक्षरसाचीही मोजतात. कोयत्याचा मोबदला मात्र टनावर ठरतो. पाण्याची टंचाई असलेल्या या मुलखात नुसत्या पाण्याला किती शब्द आहेत पाहा : गोडे, मचूळ, खारट, जड, हलके. अन्नाला आणखी : अळणी, सपक, मिळमिळीत, खमंग, खवट, आंबूस, कडवट, उग्र. आणि रेड वाइनच्या पारखीत ज्यावाचून पान हलत नाही, तो शब्द तर आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे : तुरट. जांभळाने, कच्च्या केळ्याने, सुपारीने हिरड्या आणि जीभ आवळली जाते, ती हीच जाणीव. ती देणारी टॅनिन ही द्रव्ये बाभळीच्या सालीतही असतात आणि त्याच सालीने आपल्याकडे कातडे कमावले जाई. सांचोच्या आप्ताला वाइनमध्ये कातडे जाणवले, ते वादीमुळे. परंतु कातडे आणि रेड वाइन यांचे नाते याहून जुने आहे.

मग अडते कोठे? आम्हांला वाटते, वर्गात. शालान्त परीक्षेच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत कवितेचे रसग्रहण विचारतात. 'रसग्रहण' हा शब्द केवढा मोठा, भरतापासून चालत आलेला. आणि प्रत्यक्षात उत्तरपत्रिकांतून येते काय? मार्गदर्शकातून पाठ केलेले आशयसौंदर्य आणि भावसौंदर्य. प्रत्येक कवितेला तेच. 'कवीने अत्यंत समर्पक शब्दांत' हे वाक्य म्हणजे आमच्याकडची ब्लॅकबेरी. ते चुकीचे नसते, पण ते बांधावरचेही नसते. लाल केलेल्या पेल्यासमोर बोर्दोच्या विद्यार्थ्यांचे जे झाले, तेच येथे होते : कवितेखाली नाव मोठे असले की शब्द आधीच हजर असतात. दोष मुलांचा नाही. गुण त्या शब्दांना मिळतात, आणि ते गुण देणारे आम्हीच असतो.

सर्व्हान्तेसच्या पाठाकडे जावे असे आम्ही म्हणतो, ते यासाठी. कविता चांगली की वाईट हे विद्यार्थ्याला विचारण्यापूर्वी तिच्यात त्याला काय लागले, कोणत्या ओळीत काय खुपले, ते विचारावे. तो म्हणेल, इथे तुरट वाटते, इथे मचूळ. मालक सांगेल की पिंप स्वच्छ आहे. तरीही उत्तर खोडून काढू नये. तळाशी किल्ली असू शकते. पानकरसाची एकसंध चव पुढची पायरी आहे आणि ती कोणाला शिकवून येत नाही. परंतु ज्याने आपल्या जिभेने मिरी ओळखली आहे, त्याला ती कधीतरी येण्याचा संभव असतो. पाठ केलेल्याच्या बाबतीत तेवढाही नसतो.

ह्यूमने पारख्यांच्या तोंडी घातलेले ते 'चांगली आहे' आपण इतक्या वेळा ऐकले आहे की मूळ गोष्टीत ते नाही, हे कळल्यावर जरा हलके वाटते. पारखीची सुरुवात निकालाने करण्याचे बंधन त्या दोघांवर नव्हते. ते आपल्या विद्यार्थ्यांवरही नसावे.